येसाजी आगळ्याची पोथी

एसटीत कंडक्टर म्हणून मी हयात घालवली आणि गाडीत पुस्तक वाचणाऱ्या माणसाचा मला कायम राग आला. तिकीट विचारावं तर मान वर नाही. आपला थांबा मागं पडला की मग दचकून ‘मास्तर, बेल मारा’. असल्यांना मी विठा घाटात चांगल्या चार गोष्टी सुनावल्या आहेत. पुस्तकात असं असतं तरी काय, की माणसाला स्वतःचं गाव आलेलं कळू नये, हे मला निवृत्त होईपर्यंत उमगलं नाही. सुनावलेलं मात्र मी अजून परत घेतलेलं नाही.

मग माझी लेक निकिता सुट्टीला आली. ती राहुरीला शेतकी विद्यापीठात शिकते. येताना तिनं एक जाडजूड कादंबरी आणली. ‘आप्पा, यात आपला साळगड आहे,’ असं म्हणत तिनं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली. ती चहा घेऊन बाहेर येईपर्यंत नगरात एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचा खून पडला होता आणि त्याची विद्यार्थिनी कस्तुरी जीव मुठीत धरून माळीवाड्याच्या स्टँडवर पोचली होती. तिनं आमच्या तालुक्याची, अकोल्याची गाडी पकडली. मी लगेच पाहिलं, लेखकानं गाडी संगमनेरवरून नेली आहे का. नेली होती. तिथंच माझा त्या माणसावर विश्वास बसला, आणि चहा तसाच गार झाला.

कादंबरीत दोन गोष्टी आलटून पालटून चालायच्या. एक आजची. प्राध्यापकानं मरताना कस्तुरीला एवढंच सांगितलेलं, ‘साळगड, चोरदिंडी.’ ती तिकडं निघालेली आणि पांढऱ्या गाडीतली माणसं तिच्या मागावर. त्यांना गडावर पुरलेलं सोनं हवं होतं. दुसरी गोष्ट निजामशाही संपत आली त्या काळची. गडाला मोगलांचा वेढा पडलेला, आत पाणी संपत आलेलं, आणि एका पहाटे चोरदिंडी, म्हणजे कड्याकडचा लपवलेला लहान दरवाजा, आतून उघडली गेली. ती कुणी उघडली आणि का, हे कोडं. प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की माणसानं पुस्तक खाली ठेवूच नये.

साळगड म्हणजे आमच्या साळदरा गावाच्या डोक्यावरचा डोंगर. राजूरच्या बाजाराला जाताना तो पाठीशी असतो, येताना समोर. पोरपणी मी तिथं गुरं नेली, टाक्यातलं पाणी प्यालो, त्याच चोरदिंडीच्या पडक्या कमानीत बसून करवंदं खाल्ली. आणि आता पुस्तकात त्याच कमानीत माणसं श्वास कोंडून उभी होती. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी बायकोला, चांगुणाला, हाक मारून कोपर दाखवलं. ‘थंडी वाजती तर आत बसा,’ ती म्हणाली.

आता पोथीचं सांगतो. आमच्याकडं श्रावणात, भाताची आवणी उरकली की दुपारच्या जेवणानंतर महादेवाच्या देवळात पोथी लागते. चिखलानं भेगाळलेले पाय पसरून बायामाणसं मंडपात बसतात, एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. यंदा वाचणारे बुवा लेकाकडं नाशकाला जाणार होते, म्हणून त्यांनी श्रावण अर्धा व्हायच्या आतच पोथी आटोपती घेतली. लोकांना तर तिथं येऊन बसायची सवय लागलेली. अशाच एका दुपारी मी मंडपाच्या कडेला कादंबरी वाचत होतो आणि छबूबाई वाती वळत बसली होती. छबूबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, सगळ्यांची मावशी.

‘मास्तर, त्वांडातल्या त्वांडात काय हासताय? मोठ्यानं वाचा की. आमालाबी कळंल.’

‘मावशे, ही कादंबरी हाय. पोथी न्हाई.’

‘आसंना. अक्षर हाय न्हवं?’

ती उठली, तिनं चौरंग ओढून आणला, पुस्तक माझ्या हातातून काढून त्यावर ठेवलं. हात सवयीचे. त्यांनी आपोआप पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मुखपृष्ठावर बंदूक घेतलेला माणूस होता, त्याच्या कपाळालाच कुंकू लागलं. मी कपाळावर हात मारून घेतला, पण खरं सांगायचं तर मला मनातून आनंद झाला होता. एकट्यानं वाचून माझं पोट भरत नव्हतं.

चौरंगावर गेली म्हणजे पोथीचे सगळे नियम लागू झाले. आंघोळ करूनच हात लावायचा. वाचून झालं की लाल फडक्यात बांधून देवळातच ठेवायची. पुढची पानं चाळायची नाहीत. आणि लावलेली पोथी अर्धवट सोडायची नाही. मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधी वाचलेला भाग संपला आणि मग माझे हाल सुरू झाले. पुस्तक देवळात, मी घरात, आणि कस्तुरी भंडारदऱ्याच्या धरणात गळ्याइतक्या पाण्यात उभी. भिंतीवरून पांढरी गाडी हळूहळू चाललेली. ‘जरा देवाला जाऊन येतो,’ म्हणून मी उठलो की चांगुणा दारात आडवी उभी राहायची. ‘देव सकाळी बगितला न्हवं? बसा खाली.’

मंडप रोज भरू लागला. कस्तुरी पाण्यात उतरली त्या दुपारी सगळ्यांनी तिच्याबरोबर श्वास धरला होता. छबूबाईच्या हातातली वात गळून पडली. कुणाची तरी शेळी पिंडीजवळची बेलपानं खात होती आणि तिला हाकलायला कुणी उठेना. मी प्रकरण संपवून पुस्तक मिटलं तसा एकच गलका झाला.

‘पुढं?’

‘पुढं उद्या.’

‘वाटुळं हुईल त्या लिव्हनाऱ्याचं!’ छबूबाई कडाकडा बोटं मोडत म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

पण माणसांना धरून ठेवलं ते जुन्या काळच्या गोष्टीनं. गडावर पाणी ओंजळीनं मोजून देत होते. एक बाळंतीण तहानेनं कळवळत होती आणि तिचा नवरा टाक्याच्या तळाचा ओला चिखल फडक्यात पिळून तिच्या ओठांवर धरत होता.  मंडपातल्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. वाचन संपलं की सगळे बाहेर पडायचे आणि न बोलता वर बघायचे. गड ढगात असायचा, मधेच ढग फाटून काळा कडा दिसायचा. जन्मभर पाहिलेला तो डोंगर मला ओळखू येत नव्हता. इतकी वर्षं त्याच्या पायथ्याशी राहून आपण त्याच्याकडं कधी पाहिलंच नाही, असं वाटून माझे हात आपसूक जोडले जायचे.

रामहरी आगळे रोज खांबाला टेकून बसायचा. माझ्याहून थोडा मोठा, एकटा माणूस, बोलणं कमी. त्याच्या घराण्याला गावात एक मान आहे. देवळाच्या मंडपाला जुनं सागवानी दार आहे आणि त्याला आतून आडवी घातलेली मांडीएवढी जाड आगळ, म्हणजे अडसर. ही आगळ गडाच्या दिंडीची, खाली आणून इथं बसवलेली, असं सगळे सांगतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पालखी गडाकडं निघते. त्याआधी दार आतून बंद करतात आणि आगळ्यांच्या घरचा वडील माणूस आगळ काढतो. त्याचा हात लागल्याशिवाय दार उघडत नाही आणि पालखी हलत नाही. रामहरीकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. या एका कामासाठी तो वर्षभर पांढरं धोतर घडी घालून ठेवायचा.

एका दुपारी मी नवं प्रकरण काढलं आणि वाचलं, ‘चोरदिंडीचा पहारा येसाजी आगळे याच्याकडे होता.’

मी थांबलो. सगळ्या माना खांबाकडं वळल्या.

‘पुन्यांदा वाचा,’ रामहरी म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. येसाजी उंच, डाव्या पायानं थोडा लंगडा, घुबडासारखा अंधारात बघणारा. आगळ एकट्यानं उचलायचा. त्याला चंद्री नावाची लहान मुलगी होती आणि ती बापाच्या पागोट्यात रानफुलं खोचायची. रामहरी तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला आपल्या पणज्याच्या मागचं एकही नाव ठाऊक नव्हतं आणि एकाएकी चार शतकांपलीकडून त्याचा माणूस समोर येऊन उभा राहिला होता, लंगडत. दुसऱ्या दिवशी रामहरी ते सोमवारचं पांढरं धोतर नेसून पोथीला आला. बायांनी त्याला पुढं, चौरंगाजवळ जागा करून दिली. मी त्याची चेष्टा करणार होतो, पण त्याचा चेहरा बघून मला करवली नाही.

पुढची काही प्रकरणं येसाजीचीच होती. आणि मग ते आलं. मोगलांचा हेर कड्याच्या कपारीतून वर आला, त्यानं येसाजीच्या हातावर मोहरांची थैली ठेवली. येसाजीनं ती कमरेला बांधली. पहाटे त्यानं दोन्ही हातांनी आगळ उचलली, आणि चोरदिंडी उघडली.

प्रकरण तिथंच संपलं होतं. मी वाचायचं थांबलो तरी कुणी ‘पुढं?’ म्हणालं नाही. रामहरी हळूच उठला, पायताण घातलं आणि खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इकडं गावात कुजबुज सुरू झाली. मी घसा कोरडा करून सांगितलं की बाबांनो, ही कादंबरी आहे, यातलं निम्मं त्या माणसानं मनानं रचलेलं असणार. पण छबूबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच खोटं बोलतोय.

‘गड खरा, टाकं खरं, दिंडी खरी. मंग येवढंच खोटं व्हय? फूल वाह्यलंय मी तिला. पोथी आसली म्हंजी खोटं न्हाई बोलत.’

 या गावात चौरंगावरून जे जे वाचलं गेलं ते आजवर खरंच होतं. सुनील हा देवस्थान समितीतला तरणा माणूस, वाईट नाही, पण घाईचा. तो मला म्हणाला, ‘मास्तर, सोमवार तोंडाव आला. रामहरीबाबा म्हनत्यात मी आगळीला हात लावनार न्हाई. आता दुसऱ्या कुनाला तरी सांगाय पायजे.’

हे ऐकून मी तसाच रामहरीच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. गवत कापायला जायचं होतं असं नाही, हाताला काहीतरी चाळा हवा होता.

‘रामहरी, येडा का खुळा तू? कादंबरी हाय ती.’

‘मंग पोथीगत का वाचली?’

 मी पायरीवर बसलो.

‘दर साली त्या आगळीला हात लावला की मला वाटायचं, आपलं कायतरी हाय या गावात,’ तो म्हणाला. ‘आता वाटतं, ह्येच हात. ह्याच हातांनी दार उगडून दिलं. लोकं पाण्याबिगर मरत हुती आन् ह्यो थैली मोजत हुता. मी न्हाई हात लावनार. सुनीलला सांगा, दुसरा कोन बी बगा.’

‘आरं, पोथी संपली न्हाई आजून.’

‘तुमाला ठावं हाय पुढं काय हाय?’

‘न्हाई. देवळात बांधून ठिवलीय.’

‘मंग कशाला आला?’

‘गाडी आजून घाटात हाय म्हनून आलो,’ मी चिडून म्हणालो. ‘घाटात कुनी उतरतं का? सोमवारच्या आदी, आयतवारी समाप्ती करतो. तू ये. ऐक, आन् मंग काय ठरवायचं ते ठरव.’

तो पुन्हा विळ्याला धार लावू लागला. मी घरी आलो आणि राहुरीला परत गेलेल्या निकिताला फोन लावून सगळं सांगितलं. तिनं पुस्तक वाचलेलं होतं. एका शब्दात निकाल लागला असता.

‘सांगू का आप्पा शेवट?’ ती म्हणाली.

एका माणसाची अब्रू टांगणीला लागली होती आणि तरी माझ्या तोंडून निघालं, ‘नको, नको! सांगू नको!’ माझा मलाच राग आला. असं काय त्या पुस्तकानं केलं होतं माझं, कोण जाणे. मी एवढंच विचारलं, ‘रामहरीनं यावं का ऐकायला?’

 ‘येऊ द्या त्यांना,’ ती म्हणाली.

रविवारी सकाळपासून मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या वाड्यांमधली माणसंही जीप करून आली होती. उरलेली पानं एका बैठकीत संपवायची म्हणून मी चांगुणाकडून तुळशीचा काढा करून घेतला होता. मी लाल फडकं सोडलं. रामहरी कुठं दिसेना. मी वाचायला सुरुवात केली आणि पहिलं पान उलटताना दिसलं, तो दाराबाहेर पायरीवर, पाठमोरा बसला होता.

कस्तुरी गडावर पोचली होती. धुकं, पाऊस, पायाखाली शेवाळ, आणि मागं पांढऱ्या गाडीतली तीन माणसं. ती चोरदिंडीतून आत शिरली, टाक्याच्या काठानं सरपटत गेली. तिथं तिला एक सैल दगड सापडला, पण त्यामागं सोनं नव्हतं, नुसतीच माती. पुस्तकानं तिथून आम्हाला उचललं आणि त्या जुन्या पहाटेत नेऊन टाकलं. मी किती वेगानं वाचत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. चांगुणानं मधे पाण्याचा तांब्या पुढं केला, मी तो बाजूला सारला.

येसाजीनं दिंडी उघडली. पण बाहेर मोगल नव्हते. हेराला त्यानं उजाडायची वेळ दिली होती आणि स्वतः उघडली होती त्याच्या कितीतरी आधी, पहाटेच्या गच्च अंधारात. त्या अंधारात त्यानं गडावरची बायामुलं एकेक करून कड्याच्या वाटेनं खाली सोडली. बाळंतीण गेली, तिचं तान्हं गेलं. चंद्री बापाला सोडेना, तर त्यानं तिच्या हातात आपलं पागोटं दिलं आणि म्हणाला, हे खाली नेऊन ठेव, मी आलोच. सगळ्यात शेवटचं माणूस उतरल्यावर येसाजी आत वळला आणि आगळ पुन्हा घातली. मोहरांची थैली त्यानं टाक्यात फेकली. उजाडल्यावर किल्लेदाराला कळलं की दिंडी उघडली गेली होती. त्यानं येसाजीला फितूर म्हणून तिथंच कापलं. येसाजीनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर माणसं कोणत्या वाटेनं गेली हे शत्रूच्याही कानावर गेलं असतं. खाली उतरलेली ती माणसं पायथ्याच्या दरीत राहिली, आणि पुढं तिथंच त्यांचं गाव वसलं.

लेखकानं गावाचं नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. मंडपातले सगळे एकमेकांकडं पाहत होते, आपण कुणाचे कोण हे पहिल्यांदाच कळल्यासारखे. मला वाटलं, आत्ता या घटकेला त्या अंधाऱ्या वाटेनं कुणीतरी माझ्या घराण्याचं बोट धरून खाली उतरतंय. मी आयुष्यात देवाला पुष्कळदा हात जोडले, पण असं भरून कधी आलं नव्हतं.

पायरीवर रामहरी उभा राहिला होता. तो वळला तेव्हा त्याची दाढी ओली होती. छबूबाई काठी टेकत उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्या म्हातारीनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. मग काय विचारता! माणसं रडत होती, हसत होती, सुनीलनं रामहरीला मिठीच मारली. कस्तुरीचं काय झालं ते मी नंतर त्या गोंधळातच वाचून टाकलं. ती वाचली. पांढऱ्या गाडीतल्यांना सोन्याऐवजी पोलीस मिळाले.

पुस्तक मिटणार एवढ्यात मागं आणखी एक पान दिसलं. बारीक अक्षरात, ‘लेखकाचे मनोगत’. माझी नजर त्यावरून फिरली. मी पान हळूच मिटायला गेलो.

‘आजून हाय का?’ छबूबाईनं विचारलं.

‘काय न्हाई मावशे, आसंच हाय.’

‘मंग वाचा. शेवटल्या अक्षरापातुर वाचायची आसती.’

नोकरीत मी नियम मोडला नाही, आणि त्या बाईसमोर तर शक्यच नव्हतं. मी वाचलं. साळगडाला वेढा पडला होता आणि चोरदिंडी आतून उघडली गेली होती, एवढंच इतिहासाला ठाऊक आहे, असं लेखकानं लिहिलं होतं. ती कुणी उघडली याची कुठंही नोंद नाही. येसाजी आगळे, त्याची मुलगी चंद्री, ही पात्रं पूर्णपणे काल्पनिक आहेत. ‘आगळे हे आडनाव मला राजूरच्या बाजारात एका टेम्पोवर दिसलं आणि आवडलं, म्हणून घेतलं,’ असंही त्यानं लिहिलं होतं.

पहिल्यांदा सुनीलच बोलला. ‘म्हंजी समदंच रचल्यालं? मंग तर लई बेस झालं की! रामहरीबाबा, आसा कुनी नव्हताच. तुमच्यावर फितुरीचा बोल आलाच न्हाई कधी. डाग गेला बगा.’

‘व्हय,’ रामहरी म्हणाला. ‘डाग गेला. मानूस बी गेला.’

तो तसाच निघाला. कुणीही त्याला थांबवलं नाही. मी पोथी फडक्यात बांधली, चौरंगावर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसलो. मनात आलं, त्या लेखकाला राजूरच्या स्टँडवर गाठावं आणि विठा घाटापर्यंत सुनावत न्यावं. आणि त्याच वेळी त्याचे पायही धरावेत असं वाटत होतं. छबूबाई जाताना माझ्याशी बोलली नाही. पोथी अशी स्वतःचं स्वतः मोडते हे तिनं आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी पालखी सजवून मंडपात ठेवली होती. दार आतून बंद, आगळ घातलेली. वाजंत्री थांबलेले. सुनीलनं मनात दुसरा माणूस योजून ठेवला होता, पण त्याला पुढं हो म्हणायची हिंमत होत नव्हती. सगळे बाजूच्या लहान दाराकडं बघत होते. बराच वेळ गेला. मग त्या दारातून रामहरी आत आला. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, आणि पागोट्यात खोचलेली रानातली पिवळी सोनकी. एवढ्या वर्षांत त्यानं पागोट्याला फूल लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बायांमध्ये कुणाला तरी हुंदका आला.

तो आगळीसमोर उभा राहिला. आगळ काढण्याआधी आगळ्यांनी आपल्या वाडवडलांची नावं घ्यायची, असा रिवाज आहे. एकेक नाव घ्यायचं आणि त्यावर गावानं ‘व्हय’ म्हणायचं. दरवर्षी हे इतकं पटकन उरकतं की आम्ही पालखीच्या गडबडीत अर्धवटच ओरडतो. त्या दिवशी मात्र मंडपात श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

‘रामहरी,’ तो म्हणाला.

‘व्हय.’

‘रामहरीचा बाप कोंडाजी.’

‘व्हय.’

‘कोंडाजीचा बाप हैबती. हैबतीचा बाप सखाराम.’

‘व्हय.’

इथं त्याची नावं संपायची. ‘आन् ठावं न्हाईत ते समदे,’ असं म्हणून तो आगळीला हात घालायचा. आज त्यानं हात घातला नाही. तो थांबला. मान खाली घालून उभा राहिला आणि मला भीती वाटली की हा आता मागं फिरतो.

‘आन् येसाजी,’ रामहरी म्हणाला.

कुणाचं ‘व्हय’ आलं नाही. सगळ्यांनी काल ते शेवटचं पान ऐकलं होतं. असा माणूस नव्हता, हे मंडपातल्या पोराटोरांनासुद्धा माहीत होतं. रामहरीनं वळून आमच्याकडं पाहिलं. नजरेत विनवणी नव्हती, तो फक्त वाट बघत होता.

छबूबाईनं काठी जमिनीवर आपटली.

‘व्हय!’ ती म्हणाली.

आणि मग सगळा मंडप, मी, चांगुणा, सुनील, वाजंत्री, आम्ही ‘व्हय’ म्हणालो, असे की छताखालची कबुतरं उडाली. रामहरीनं दोन्ही हात घालून आगळ उचलली. दार उघडलं, समोर ढगातून मोकळा झालेला गड होता आणि पालखी बाहेर पडली.